चवड्यावर

दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असूनही तो निवृत्त कंडक्टर बायकोच्या खुर्चीला टेकून उभाच होता. पलीकडची मुलगी आपल्या मनगटाचा एक्स-रे उजेडाला धरून निरखत होती, पण कान त्या दोघांकडेच होते.

"काय म्हणाले डॉक्टर, नीट सांग."

"पायाच्या अंगठ्याचा सांधा पार झिजलाय. ऑपरेशन करून हाडं एकमेकांना जोडून टाकतील. दुखणं जाईल, पण अंगठा पुन्हा वाकणार नाही."

"मग करून टाक की! रात्रभर कण्हत असतेस."

"आणि चवड्यावर उभी कशी राहू?"

"आता या वयात नाचायचंय का तुला?"

"तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं रोज?"

"अगं, त्याचं काय एवढं!"

"काय एवढं? तुम्ही ताडमाड. भिंतीला टेकून छताकडे बघत उभे राहता, आणि मी टाचा उचलून नेम धरते."

"मग बस म्हणायचं मला."

"म्हटलं की! कंडक्टर ड्यूटीवर बसत नसतो, म्हणालात."

"गमतीनं गं."

"तुमची गंमत होते, माझा अंगठा ठणकतो."

"दुपारचे थेंब राहिलेत ना? आणलेस?"

"आणलेत. पण इथे, चारचौघांत?"

कंडक्टर बसला. आता कुणी उठवेल की काय, असा खुर्चीच्या अगदी कडेला. मग त्यानं मान मागे टाकली.

"घाल."

बायको उठली. तिच्या दोन्ही टाचा जमिनीवर होत्या.

"डोळे मिटू नका. हं, झालं. अहो सिस्टर, ऑपरेशनची तारीख कधीची मिळेल?"