कोपऱ्यातलं आर एम

(भवानी पेठेतला चादरींचा कारखाना. रामहरी फोन कानाला धरून कॉम्प्युटरपुढं. पुण्याहून त्यांची लेक चेतना.)

रामहरी: माऊस मेलाय गं. हितं नुसता काळा पडदा. लुकलुकतोय, बोलत काय न्हाय.

चेतना: तो तुमच्या बोलण्याची वाट बघतोय, अप्पा. एल एस लिहा, एंटर दाबा.

रामहरी: आली की यादी! कमळ, कोयरी... ह्यो बघ मोर. तीन आठवडं घातलेत ह्याच्यात. मागासाठी नक्षीची कार्डं पाडणारा बसप्पा बारा वाजता पंचिंगला न्यायला येतोय. आज न्हाय दिला तर ऑर्डर गेली.

चेतना: सोपं आहे. सी पी, मोर, पेन. सी पी म्हणजे प्रत काढ, पेन म्हणजे लावलेला पेनड्राइव्ह. पण आईला का नाही बसवलंत?

रामहरी: जेऊरला गेलीया. भावाकडं.

चेतना: मधेच?

रामहरी: चार दिस झालं. मी जरा बोललो. तू मधी पडू नको. हां, मारलं. आर एम मोर.

चेतना: काय मारलंत?

रामहरी: आर एम. रामहरी. तीस वर्षं नक्षीच्या कोपऱ्यात हीच सही हाय की माझी. आधी सही, मग सी पी. माल कुणाचा ते कळाय नको त्याला?

चेतना: अप्पा... एंटर पण दाबलंत?

रामहरी: व्हय. गप बसलाय.

चेतना: आर एम म्हणजे पुसून टाक!

रामहरी: काय बोलतीस! विचारायचं तरी!

चेतना: तो विचारत नाही. हात लावू नका कशाला. आता लिहा: फाइंड, स्पेस, टिंब, स्पेस, वजा नेम, स्पेस, मोर.

रामहरी: थांब, चष्मा... आलं कायतरी. टिंब, तिरकी रेघ, जपून, परत रेघ, मोर. हे जपून काय हाय?

चेतना: फोल्डर दिसतंय, त्यात मोराची एक प्रत आहे! तुम्ही केलंत?

रामहरी: मी कशाला करू?

चेतना: मग हिस्टरी लिहा, उभी रेघ, ग्रेप मोर. आजवर जे टाइप झालं ते चाळून, मोर असलेल्या ओळी तेवढ्या दिसतील.

रामहरी: सी पी मोर जपून. सी पी मोर जपून. अगं, लई हायत. धा-पंधरा. खाली माझं आर एम. ह्ये कुणी?

चेतना: आईनं. दिवाळीत शिकवलं होतं मी. दिवा लावून झाला की रोज एक ओळ मारते म्हणाली होती.

रामहरी: मला बोलली न्हाय कदी.

चेतना: तुम्ही काय बोललात तिला?

रामहरी: ...म्हणलो, तुला काय कळतंय ह्यातलं, हात लावू नको.

चेतना: अप्पा!

रामहरी: व्हय, चुकलं माझं.

चेतना: म्हणजे प्रत चार दिवसांपूर्वीची असणार. नंतर काय काढलंत?

रामहरी: तुरा. नुसता तुरा राहिला. कागदावर हाय, माऊस आणला की तासाभराचं काम. बसप्पाला दुपारी ये म्हणतो.

चेतना: मग वाचलात की! अजून काही अडलंय?

रामहरी: व्हय. संध्याकाळी जेऊरला गाडी किती वाजता हाय, तेवढं बघ.