जगभर चालणारं कार्ड

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत आजी मिटल्या डोळ्यांनी दूरदेशीच्या लेकाला आठवत बसल्या होत्या. शेजारच्या मायलेकींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

“डायव्हिंगचं इथल्यापुरतं सर्टिफिकेट घे ना. आपला समुद्र काय आटलाय?”

“आई, जगभर चालणारं कार्ड घेतलं की कुठल्याही समुद्रात उतरता येईल.”

“म्हणजे तू जाणार.”

“परत येईन गं!”

“पाण्याखाली हाक तरी ऐकू येते का?”

“नाही, तिथे खुणांनी बोलतात. अंगठा वर केला की वर यायचं.”

“परदेशातही हीच खूण?”

“सगळ्या समुद्रांत हीच.”

“मग घे बाई, जगभर चालणारंच घे.”

लेक डायव्हिंगसाठी कान तपासून घ्यायला आत गेली. बंद दाराकडे बघत आईनं मांडीवर अंगठा वर धरला.

आजींनीही, डोळे न उघडता.