बारा अंशांखालचा होकार

नाही, पण खोटं बोलायला काही मर्यादा? दिवसाढवळ्या, तोंडावर, आणि कोण बोलतंय, तर आमच्या सासरेबुवांच्या तळ्याकाठच्या खोपटातला संगणक! तुम्हाला सांगतो, त्यातला प्रोग्राम मूळचा लिनक्स नावाच्या सिस्टिमचा. पण त्याचं जुनं यंत्र इथल्या खाऱ्या वाऱ्यानं सडलं, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं, आणि मी हौसेनं त्याला नेऊन बसवला माझ्या लाडक्या सिस्टिमवर, बीएसडीवर. परक्याच्या घरात! आता त्या घराच्या गाभ्यात, कर्नलात हो, एक दुभाषा असतो. प्रोग्राम विचारतो, "कोण रे तू? लिनक्सच ना?" दुभाषा म्हणतो, "म्हणजे काय! जन्मापासून!" "मग ती फाइल उघड." "उघडली, मालक!" असं बोलणं फिरवून फिरवून संसार चाललेला, आणि या नाटकावर जीव कुणाचा? तळ्यातल्या झाडून सगळ्या दूधमाशांचा! पाणी बारा अंशांखाली गेलं की जमिनीतलं कोमट पाणी खेचणारा पंप हाच प्रोग्राम लावणार. नाही लागला पंप, तर मासे पोट वर करून तरंगणार, आणि सासरेबुवांचं वर्ष बुडालं!

आणि मी पहिल्यापासून भित्रा. कारण दुभाष्याला सगळे शब्द येत नाहीत हो! काही कुणी शिकवलेलेच नाहीत. आणि ते प्रोग्राम कधी उच्चारणार? कधीतरी! अडीअडचणीला! सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, तो पाण्यातला तापमानाचा काटा एकदा बर्फात बुडवून बघू या का? थंडी पडली तर हा काय बोलेल ते तरी कळेल." बाबा जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "आ-हुंग, चालतंय ना? मग हात नको लावूस!" बायकोला सांगितलं. लिएन-इन म्हणाली, "बाबांचं तळं आहे ते, तुझं खेळणं नाही. चालतंय ना? मग हात नको लावूस!" सांगून काय उपयोग! चार हिवाळे उबदार गेले, बारा अंश कुणी पाहिलेच नाहीत, आणि मी आपला दर थंडीत घाम पुसतोय...

आणि आली की हो यंदा! उत्तरेचा वारा असा सुटला, आमच्या छीगू गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची बंद झाली. भर दुपारी काळोखी. बाबा गमबूट चढवून खोपटात, मी पडद्यापुढे. तेरा. साडेबारा. बारा... आणि त्याच्याही खाली. पंप? चिडीचूप! पडद्यावर एक ओळ, म्हणजे दुभाषा सांगतोय, "ही मागणी काय आहे मला ठाऊक नाही," आणि प्रोग्राम जागच्या जागी गार. पंपाचं हाताचं बटण? ते कधीच गंजून जाम झालेलं. मी कळफलकावर हात टाकणार, तोच बाबा कडाडले, "थांब! पुडा बघ!"

आता आमच्याकडे यंत्राच्या डोक्यावर खाऊचा पुडा ठेवतात, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवाच हवा, पिवळा ठेवलात तर बोंबला. आणि आमचा हिरवाच होता, पण तारीख उलटलेली! "म्हणूनच रुसलंय! नवीन पुडा येईपर्यंत हात नको लावूस!" अहो बाबा, आता तर चालतही नाहीये! पण ऐकतंय कोण? सासूबाई स्कूटर काढून दुकानाकडे, मासे तिकडे तळाशी गोळा झालेले, आणि मी हात पोटाशी धरून उभा, चोरी पकडल्यासारखा.

शेवटी बाबा बटणाला हातोडा घालायला बाहेर धावले, आणि मी झडप घातली. वेळ कुठे होता विचार करायला? मागणीचा नुसता क्रमांक दिसत होता, अर्थ शोधेपर्यंत मासे उरले नसते. म्हणून दुभाष्याला एकच वाक्य शिकवलं, की बाबा रे, ही मागणी आली की काही करू नकोस, नुसतं म्हण, "हो, झालं!" प्रोग्राम उठवला. त्यानं मागितलं. दुभाषा म्हणाला, "हो, झालं!" प्रोग्राम म्हणाला, "बरं," आणि पंप गुरगुरला हो! त्याच क्षणी सासूबाई आत, हिरवा पुडा यंत्रावर ठेवला, हात जोडले. "बघा! ठेवला आणि सुरू!"

मासे वाचले. पण मला सांगा, "झालं" म्हणालो, ते नेमकं काय झालं? त्यानं मागितलं तरी काय होतं? नुसती वेळ विचारली असेल? का पाणी काठोकाठ आलं की पंप थांबव असं सांगितलं असेल आणि आम्ही आपलं "हो, झालं"? देवाशप्पथ, थंडी सरेपर्यंत घोंगडी पांघरून बांधावर बसलो, पाण्याकडे बघत. सर्दी मला झाली, माशांना नाही.

आणि काल बाबा घेऊन आले शेजारपाजारचे सगळे तळेवाले! छाती ही एवढी फुगलेली. "हा आमचा जावई आ-हुंग! आख्ख्या गावात मासे मेले, माझा एक नाही!" म्हातारे श्यू काका पुढे झाले, त्यांचं निम्मं तळं या थंडीत गेलं होतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "पोरा, आमच्याकडेही हेच बसव. पुढच्या थंडीला दगा नाही ना देणार?"

खरं सांगायला तोंड उघडलं हो मी! पण बाबा माझ्याकडे असे बघत होते... तोंडातून निघालं काय? "नाही देणार, काका. झालंच समजा." दुभाष्याचं बरं असतं हो. त्याला निदान घाम तरी फुटत नाही.