काठोकाठ वाडगा

बुरुलचा : मी नाही येणार म्हणून सांगितलं ना. नोरूजच्या सणाला वसतिगृह बंद नसतं. गुलसारा बाई राहतात, मीही राहीन.

आजोबा : अख्खा घाट उतरून आलोय मी, पोरी. गुडघे अजून गाडीतच राहिलेत. आणि तू दारातनंच वाटेला लावतेस?

बुरुलचा : दारातनं कशाला? बसा की. चहा देते.

आजोबा : तू? अगं, किटली तापलेली असेल, बाईंना सांग.

बुरुलचा : आलंच शेवटी. इथं मी गाद्या घालते, बटणं लावते, धाकट्या मुलींच्या वेण्या घालते. सगळ्या शाळेत कुणालाच धड दिसत नाही, तरी 'तू बस, तुला जमायचं नाही' असं कुणी म्हणत नाही. घरात पाऊल टाकलं की मी आंधळी होते.

आजोबा : थंडीच्या सुट्टीतलं अजून धरून बसलीस होय?

बुरुलचा : तुम्ही विसरलात?

आजोबा : कसा विसरेन? तुझ्या बहिणीला, नुरझातला मागणी घालायला माणसं आलेली. अर्धा वाडगा चहा दिला की बसा, अजून घ्या. काठोकाठ दिला की प्या आणि चालू लागा. तू सगळ्यांनाच काठोकाठ दिलास. मुलाची मावशी तर टोपी घालून उठलीच.

बुरुलचा : बाईंनी शिकवलेलं, काठाच्या आत बोट धरायचं, चहा लागला की थांबायचं. एक थेंब सांडला नाही, म्हणून मी खुशीत होते. आणि आजीनं सगळ्यांदेखत हातातली किटली काढून घेतली.

आजोबा : चुकलं तिचं. तिलाही ते खातंय. समोवारापाशी तुझ्या जागेवर मी टेकलो, तर मलाच उठवलं.

(चहा ओतल्याचा आवाज, बराच वेळ.)

आजोबा : हं. काठोकाठ.

बुरुलचा : ठाऊक आहे. मुद्दाम ओतलाय.

आजोबा : बरं. पिऊन जातो म्हातारा. छान झालाय. नुरझातच्या हातचा म्हणजे नुसतं कोमट पाणी. ती माणसं नोरूजला पुन्हा येतायत, मावशीसकट. आजी म्हणते, चहा बुरुलचाच ओतेल.

बुरुलचा : आजी म्हणाली?

आजोबा : या वयात खोटं बोलून कुठं जाऊ?

बुरुलचा : आणि मावशीनं पुन्हा टोपी घातली तर?

आजोबा : घालू दे. डोकं तिचं.

बुरुलचा : द्या तो वाडगा इकडे.

आजोबा : घे. आता बोट नाही धरलंस?

बुरुलचा : कानानं ओततेय. भरत जातो तसा आवाज बारीक होतो. सुट्टीवरून आल्यापासून रोज साध्या पाण्यावर घोटत होते.

आजोबा : रोज? आणि म्हणे येणार नाही.

बुरुलचा : बोलू नका, ऐकू येत नाही मला.

आजोबा : अर्धाच ओतलास, बुरुलचा.

बुरुलचा : हो. बसा. माझी पिशवी भरून होईपर्यंत उठायचं नाही.