सोमवारची गोळी

‘पोरी, गोळी लिहिण्याआधी माणसाला विचार — जेवलात का? कधी? किती?’

आयुष्यभर दवाखान्यात पुड्या बांधलेल्या कंपाउंडर बापाचा हा आवाज! तो कानात घेऊन वल्लरी डॉक्टर झाली आणि मंडळी, महिनाभरात विसरलीसुद्धा!

आजचा प्रश्न साधा आहे. सक्तीनं केलेली सेवा देवाच्या दारी रुजू होते का?

सरकारचा नियम — शिकलात ना? मग एक वर्ष खेड्यात काढा! वल्लरीला मिळालं डोंगरातलं उंबरदरा. आल्या आल्या तिनं आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं. रोज एक फुली! हसताय? पारायणाला बसल्यावर किती पानं उरली ते अंगठ्यानं चाचपणारे हात मला इथून दिसतात हो!

तर वरच्या पाड्यावरच्या चिमाआजी. रक्तदाब असा, की एखाद्या दिवशी चुलीपुढेच आडव्या व्हायच्या! वल्लरीनं गोळी लिहिली — दोन वेळा, जेवणानंतर. श्रावण लागला. दाब वाढला. तिनं गोळी बदलून जोराची दिली. दाब आणखी वर!

वल्लरी चिडली. “आजी, गोळ्या खाता का कोंबड्यांना घालता?”

“देवाशपथ खाते गं! तू सांगितलीस तश्शीच!”

शेजारी उभ्या आशाताई, गावच्या आरोग्य स्वयंसेविका, पदराआड हसल्या. “मॅडम, आजींचं चातुर्मासात एकभुक्त असतं, दिवसातून एकदाच जेवण. सोमवारी तर कडकडीत उपास.”

“मंग?” आजी म्हणाल्या. “जेवल्यावर खा म्हनलीस. जेवलेच न्हाई तर खाऊ कशी?”

बापाचा आवाज तेव्हा आठवला! त्या गोळीचं जेवणाशी काही नातंच नव्हतं, हो. हाताला सवय — जेवणानंतर! वल्लरी ओशाळली. “चुकलं आजी. पाण्यासोबत घ्या, सोमवारीसुद्धा.”

आजी विचारात पडल्या. “सोमवारी मन धजायचं न्हाई. तू समोर बसलीस तर घेईन. माझं चातुर्मासाचं व्रत, तुझं सोमवारचं! धरतीस?”

“धरलं,” वल्लरी म्हणाली.

तेव्हापासून दर सोमवारी तासभराचा चढ. आजी नाक मुरडून गोळी गिळायच्या, “शिव शिव!” म्हणायच्या. दाब उतरू लागला.

आश्विनात, एका रविवारी, शेवटची फुली पडली. सोमवारी सकाळी वडील गाडी घेऊन दारात!

“चल पोरी, वर्ष संपलं.”

“सरकारचं संपलं, बाबा. आजींचे चार सोमवार राहिलेत.”

“नवे डॉक्टर येतील की!”

“येतील. पण शब्द मी दिलाय.” मग हळूच म्हणाली, “आणि आज त्या जेवलेल्या नसणार.”

बापानं नुकतीच गाडीत चढवलेली तिची वळकटी उचलून परत खोलीत ठेवली.

सांगा मंडळी, सेवा रुजू कधी झाली? फुल्या पडत होत्या तेव्हा, की फुल्या संपल्यावर? घरी गेलात की आपली भिंत बघा बरं! सासूबाईंचं पथ्य, आजारी शेजारणीची चौकशी — तिथंही फुल्याच मारतोय का आपण?

तिकडे वल्लरीनं दाब मोजायचं यंत्र पिशवीत घातलं, चपला चढवल्या आणि पाड्याची वाट धरली.