बटणावरची लाल टिकली

मालविका : तिकडचा गोंद आहे तो, आई, बोटं चिकटून बसतात. अबोलीला लांब बसवा.

सरोजिनी : अमेरिकेहून आत्यानं बाहुलीघराची शेगडी पाठवली तिच्यासाठी, आणि तिनंच लांब बसायचं?

अबोली : आजी, जो ने, बघ ना, ओव्हनचं दार उघडतं!

मालविका : हा पाय उलटा चिकटवलात. कागदावर सगळं लिहिलंय.

सरोजिनी : इंग्रजीत लिहिलंय. ते तू वाच. पाळणाघराचा फॉर्म बरा भरता आला? मला शेजारच्या ज्योत्स्नाबेनकडून कळावं!

मालविका : सोमवारपासून माझी नोकरी आहे. तिला कुठेतरी ठेवायलाच हवं.

सरोजिनी : कुठेतरी! मग घरात मी कशाला आहे? दाराला तोरण म्हणून?

मालविका : घरातच भाजला तिचा हात.

सरोजिनी : हं. ओक एकदाचं.

मालविका : या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा दूध उतू घालायचा हट्ट कुणाचा? जमिनीवर गॅसची शेगडी मांडून, पोरीला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?

सरोजिनी : नव्या घरात दूध उतू घालतातच. तरसालीच्या जुन्या घरात मीही घातलं होतं, तुझा नवरा तेव्हा माझ्या मांडीवरच होता.

मालविका : महिनाभर मी पट्ट्या बदलल्या. ‘चुकलं माझं’ एवढंसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही.

सरोजिनी : नाही निघालं.

अबोली : काळा रंग वाळला. मम्मी, बटणावर लाल टिकली मी काढू?

मालविका : वर काढ. बंद असते तिथे.

अबोली : नाही, इकडे. तू फिरवलं होतंस तिकडे.

मालविका : मी? कधी?

अबोली : दुधाच्या दिवशी. आजी म्हणाली, होऊ दे सावकाश. तू म्हणालीस, पाहुणे खोळंबलेत. आणि वाकून असं फिरवलंस, पूर्ण. मग दूध भसकन् वर आलं.

(मालविका ब्रश पाण्यात खळबळते.)

मालविका : आई, तुम्ही पाहिलं होतंत?

सरोजिनी : समोरच तर बसले होते.

मालविका : मग बोलला का नाहीत? मी इतकं काय काय बोलले...

सरोजिनी : पट्टी बदलताना तुझे हात कापायचे. त्यात आणखी हे कुठे सांगू?

अबोली : सांगा ना! टिकली कुठे काढू?

मालविका : आजीला विचार. सोमवारपासून सगळं तिलाच विचारायचंय.