शेवट तसाच राहू दे

वेराक्रूझच्या शवागाराबाहेर माझी पाळी येईपर्यंत मी जपमाळ ओढत बसले होते. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर लहानशी पेटी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी, म्हातारीला मानाने ‘दोन्या’ म्हणणारी.

“दोन्या एफिहेनिया, उद्या नाबोरला मातीत ठेवाल, तेवढं मला टिपू द्या. आपल्या माहितीपटाला शेवट मिळेल.”

“शेवट आहे की त्याला. मी लेकाचं ताट वाढते आणि दार उघडून उभी राहते.”

“पण आता तो सापडलाय ना.”

“हाडं सापडली. हा काय, मांडीवर आहे. जन्मला तेव्हा याहून जड होता गं.”

“मग लोकांना खरं काय झालं ते कळायला नको?”

“इत्सेल, इतकी वर्षं माझ्या चुलीपाशी बसलीस, अजून तुला तोर्तिया गोल थापता येत नाही. आणि मला खरं-खोटं शिकवतेस?”

“चिडू नका ना, दोन्या.”

“चिडत नाही, पोरी. हा माहितीपट गावोगाव दाखवणार ना तू?”

“दाखवणार.”

“मग शेवट तसाच राहू दे. घरी आजपासून मी एकच ताट वाढणार. तिथे तरी दोन असू देत.”

“तुम्ही म्हणाल तसं. पण का, दोन्या?”

“तिथे तो अजून यायचा आहे.”